मुरगांवचें बंदर आणि पोर्तुगालचें ताटस्थ्य : एक चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धांत, ९ मार्च १९४३ रोजीं, गोमंतकांतील मुरगांव बंदरांत नांगरून पडलेलीं तीन जर्मन व एक इटालियन अशीं चार व्यापारी जहाजें पेटून बुडालीं. गोमंतक त्या काळीं पोर्तुगालच्या ताब्यांत होतें आणि पोर्तुगाल त्या युद्धांत तटस्थ होतें. या प्रकरणाची खरी हकीकत बरींच वर्षें गुप्त राहिली. १९७८ सालीं जेम्स लीझर या इंग्रज लेखकाचें ‘बोर्डिंग पार्टी’ हें पुस्तक निघालें, आणि १९८० सालीं त्यावरून तयार झालेल्या ‘द सी वुल्व्ज’ या बोलपटानें ती हकीकत घरोघरीं पोंचविली. तेव्हांपासून मुरगांवविषयीं कोणी लिहूं लागला, कीं तो या पुस्तकाचाच आधार घेतो. मनोरंजनार्थ लिहिलेला ग्रंथ अशा रीतीनें प्रमाणग्रंथ होऊन बसला, म्हणजे त्याची चिकित्सा करणें संशोधकांस प्राप्त होतें.

या चिकित्सेस दुसरेंही एक कारण आहे. तटस्थ राष्ट्र जागतिक युद्धांत कां व कसें ओढलें जातें, हा प्रश्न राजनीतीच्या अभ्यासकांस नेहमींच पडतो. त्याचें सर्वसामान्य उत्तर असें दिलें जातें कीं, कोणी तरी त्याच्या ताटस्थ्याचा भंग करतो आणि मग त्या राष्ट्रास शस्त्र उचलावें लागतें. मुरगांवचें बंदर या उत्तराच्या परीक्षेस फार सोयीचें आहे. कारण पहिल्या महायुद्धांतही याच बंदरांत जर्मन जहाजें आश्रयास होतीं, त्याही वेळीं पोर्तुगालचा दोस्त इंग्लंडच होता, आणि त्या वेळीं मात्र पोर्तुगाल युद्धांत पडलें. जर्मनीनें पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलें ती तारीख ९ मार्च १९१६. सत्तावीस वर्षांच्या अंतरानें तीच तारीख यावी हा केवळ योगायोग होय, व त्यावर आम्ही कांहीं रचूं इच्छित नाहीं. पण तेंच बंदर, तोच दोस्त, तशींच जहाजें, आणि परिणाम मात्र उलट, हें कां झालें याचा उलगडा झाला पाहिजे.

(१) ग्रंथांतील हकीकत

प्रथम लीझर काय सांगतात तें थोडक्यांत देतों. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचीं ‘एरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ व ‘ड्राखेनफेल्स’ हीं जहाजें इंग्रज आरमारापासून बचाव व्हावा म्हणून मुरगांवांत शिरलीं. इटली युद्धांत उतरल्यावर ‘आन्फोरा’ हें इटालियन जहाजही त्यांच्या पंक्तीस राहिलें. एरेनफेल्सवर एक गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून दोस्तांच्या जहाजांची बातमी जर्मन पाणबुड्यांस जात असे, असें ब्रिटनच्या गुप्त युद्धखात्यास कळलें. तटस्थ बंदरांत उघडपणें आरमार पाठविणें शक्य नव्हतें. म्हणून कलकत्त्याच्या ‘कॅलकटा लाइट हॉर्स’ व ‘कॅलकटा स्कॉटिश’ या हौशी पलटणींतील अठरा इसम निवडले गेले. ते व्यापारी व कचेरीपेशाचे लोक होते, व बरेचसे मध्यमवयीन. ‘फीबी’ नांवाचा गाळ वाहणारा पडाव कलकत्त्याहून समुद्रमार्गें निघाला. बहुतेक मंडळी आगगाडीनें कोचीनपर्यंत जाऊन तेथें त्यावर चढली. कार्निव्हालच्या रात्रीं, बंदरावरील लोक उत्सवांत दंग असतां, हा पडाव एरेनफेल्सला भिडला. झटापटींत एरेनफेल्सचा कप्तान व त्याचे कांहीं खलाशी ठार झाले. जहाज शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून खलाशांनींच तें बुडविलें, आणि तें पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांवरील लोकांनीं आपापलीं जहाजें पेटवून दिलीं.

या मुख्य हकीकतीविषयीं वाद नाहीं. छापा पडला, तो ब्रिटनच्या लोकांनीं घातला, आणि जहाजें त्यांच्याच खलाशांच्या हातून बुडालीं, एवढें निःसंशय मानावें. लीझर यांनीं हें सारें एकत्र गुंफून वाचकांपुढें ठेविलें, हा त्यांचा उपकार आहे. परंतु ग्रंथाची घडण कादंबरीची आहे. पात्रें पानोपानीं एकमेकांशीं बोलतात. तें बोलणें कोणीं ऐकलें, कोणीं लिहून ठेविलें, हें वाचकास कळत नाहीं. आपल्या बखरींतही असे संवाद असतात, आणि बखरींतील संवादास आपण जेवढें प्रामाण्य देतों तेवढेंच या संवादांस द्यावें. प्रसंगाचा सांगाडा घ्यावा. तोंडीं घातलेले शब्द सोडून द्यावे.

(२) पाणबुड्यांचा प्रश्न

ग्रंथाचें खरें प्रतिपाद्य मात्र छाप्याच्या परिणामांत आहे. छाप्यानंतर हिंदी महासागरांतील जहाजांची हानि एकदम कमी झाली, तस्मात् ती एरेनफेल्सवरील यंत्र बंद पडल्यामुळें झाली, असा हा सिद्धान्त आहे. न्यायशास्त्र शिकलेल्या वाचकांस येथें काकतालीय न्यायाची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें. पण फळ कावळ्याच्या भारानें पडलें हें अजून सिद्ध व्हावयाचें आहे.

त्या सुमारास जर्मन पाणबुड्या होत्या कोठें, हा पहिला प्रश्न. १९४३ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ‘झेहुंड’ नांवाची त्यांची तुकडी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत लूट करीत होती. मुरगांवच्या उंबरठ्यावरून जाणारीं जहाजें आणि केप टाउन-डरबानच्या वाटेवरील जहाजें यांत हजारों मैलांचें अंतर आहे. मुरगांवांत बसून डरबानच्या काफिल्याची बातमी कशी मिळावी, हें ग्रंथकारांनीं दाखविलेलें नाहीं. शिवाय पाणबुडीजवळ तेल व पाणतीर मोजकेच असतात. आपल्या तळापासून इतक्या दूर आलेली तुकडी ते सरतांच परत फिरते. एका महिन्याच्या आरंभीं पुष्कळ जहाजें बुडालीं आणि अखेरीस थोडीं, याचा उलगडा एवढ्यानेंच होऊं शकतो.

दुसरा प्रश्न अरबी समुद्राचा. तेथें त्या काळीं मुख्यतः जपानी पाणबुड्या वावरत होत्या, व त्यांचा तळ मलायांतील पेनांग येथें होता. जर्मन पाणबुड्यांची ‘मोन्सून’ नांवाची तुकडी अरबी समुद्रांत आली ती १९४३ च्या पावसाळ्यानंतर, म्हणजे एरेनफेल्स बुडून सहा महिने उलटल्यावर! दीप विझल्यावर पतंग आले, असाच हा प्रकार. तेव्हां मुरगांवच्या यंत्रानें पाणबुड्यांस वाट दाखविली आणि तें यंत्र नाहींसें होतांच त्या आंधळ्या झाल्या, हें कथन कालगणनेपुढें टिकत नाहीं. यंत्र नव्हतेंच असें आमचें म्हणणें नाहीं. यंत्र असणें निराळें, आणि युद्धाचा कल त्या यंत्रावर अवलंबून असणें निराळें. छापा घालणाऱ्यांनीं ज्या समजुतीनें तो घातला ती समजूत ऐतिहासिक वस्तु आहे. तिचें सत्यत्व ही वेगळी वस्तु आहे. ग्रंथकारांनीं या दोहोंची गल्लत केली आहे.

(३) ‘तटस्थ’ शब्दाचा विचार

आतां मुख्य विषयाकडे वळूं. लीझर यांच्या ग्रंथांत, आणि त्यावरून लिहिणाऱ्या सर्वांच्या लेखांत, पोर्तुगालचें ताटस्थ्य हें एक कुंपण मानलेलें आहे. कुंपण ओलांडलें तर पोर्तुगाल चिडेल व कदाचित् शत्रूच्या बाजूस जाईल, ही भीति सर्व कथानकाच्या मुळाशीं आहे. पण ताटस्थ्य हें असें एकजिनसी कुंपण असतें काय?

तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला. पुरांत न उतरलेला. परंतु तटावर उभे राहणारे सगळे एका हेतूनें उभे राहत नाहींत. एकास पोहतां येत नाहीं, दुसरा पूर ओसरण्याची वाट पाहतो, तिसरा वाहून येणारीं लांकडें धरण्याकरितां उभा असतो. आपल्या प्राचीन राजनीतीनें हा भेद नेमका ओळखला होता. श्यामशास्त्री यांना म्हैसूर येथें १९०५ सालीं ज्याची पोथी मिळाली व ज्यांचा मुद्रित पाठ १९०९ सालीं बाहेर आला, त्या कौटिलीय अर्थशास्त्रांत याकरितां एक शब्द नसून अनेक आहेत. ‘उदासीन’ हा तेथें दुबळा प्रेक्षक नव्हे. तो मंडलाबाहेरचा, सर्वांहून बलिष्ठ, मनांत आणील त्यास अनुग्रह किंवा निग्रह करूं शकणारा राजा होय. ‘मध्यम’ हा दोघांच्याही सीमेस लागून असलेला व दोघांसही भारी पडूं शकणारा. ‘आसन’ हा तर राजाचा प्रकारच नव्हे. तो सहा गुणांपैकीं एक गुण, म्हणजे प्रसंगानुसार अंगीकारावयाचें धोरण आहे. दुर्बळानें बलिष्ठाचा आश्रय करणें तो ‘संश्रय’, आणि एकाशीं संधि राखून दुसऱ्याशीं विग्रह करणें तो ‘द्वैधीभाव’.

या परिभाषेनें पाहिलें तर पोर्तुगाल कोणत्याही महायुद्धांत ‘उदासीन’ नव्हतें. तितकें बळच त्याला नव्हतें. त्याचा स्थायी भाव संश्रयाचा, आणि आसन हें त्या संश्रयाचेंच एक अंग. आश्रयदाता ‘बैस’ म्हणेल तोंवर बसावयाचें. मात्र आश्रित नुसता बाहुलें असतो असेंही नाहीं. त्यालाही आपली इच्छा असते, आणि आश्रयदात्याच्या गरजेची वेळ साधून तो ती पुरी करून घेतो. आम्हांस असें दिसतें कीं, तटस्थ राष्ट्र युद्धांत शिरण्यास तीन गोष्टींचा योग लागतो : त्या राष्ट्रांतील सत्ताधाऱ्यांची इच्छा, आश्रयदात्याची गरज, आणि लोकांस दाखवितां येईल असें निमित्त. ताटस्थ्याचा भंग हा केवळ तिसऱ्या सदरांत मोडतो. पहिल्या दोहोंविना तो निष्फळ आहे. १९१६ व १९४३ हीं दोन सालें शेजारीं ठेवून हें तपासूं.

(४) १९१६

पोर्तुगालांत ५ ऑक्टोबर १९१० रोजीं राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आलें. युरोपांत बहुतेक सर्वत्र राजे असतां हें नवें राज्य एकाकी व संशयित होतें. त्याच्या वसाहतींवर इतरांचा डोळा होता. इतकेंच नव्हे, तर खुद्द इंग्लंडनें जर्मनीशीं १८९८ सालीं, आणि पुन्हां १९१३ च्या सुमारास, पोर्तुगालच्या आफ्रिकेंतील वसाहती प्रसंगीं वांटून घेण्याची गुप्त बोलणीं केलीं होतीं. ज्याच्या आश्रयास राहावयाचें तोच आपल्या घराची वांटणी ठरवीत आहे, ही जाणीव लिस्बनच्या राजकारण्यांस पुरेपूर होती. युद्धाच्या अखेरीस तहाच्या मेजावर जागा हवी असेल तर युद्धांत भाग घेतलाच पाहिजे, असा विचार अफोन्सो कोस्टा यांच्या पक्षानें केला तो या पोटीं.

म्हणून ऑगस्ट १९१४ मध्यें पोर्तुगालनें ताटस्थ्याचा जाहीरनामा काढला नाहीं. ७ ऑगस्ट रोजीं तेथील लोकसभेनें इंग्लंडशीं असलेल्या जुन्या स्नेहाचा उच्चार केला आणि पुढचें मोघम ठेविलें. इंग्लंडचेंही म्हणणें हेंच होतें कीं, तूर्त लढूं नका, पण तटस्थ म्हणूनही जाहीर होऊं नका. असें हें अर्धनारीनटेश्वराचें रूप दीड वर्ष चाललें. या मुदतींत काय झालें पहा. १८ डिसेंबर १९१४ रोजीं अंगोलाच्या दक्षिणेस नाउलिला येथें जर्मन फौजेनें पोर्तुगीज फौजेचा पराभव केला. माणसें मेलीं, ठाणें गेलें. ताटस्थ्याचा याहून उघड भंग कोणता? तरी युद्ध पुकारलें गेलें नाहीं. कारण इंग्लंडला तेव्हां पोर्तुगाल युद्धांत नको होतें, आणि लिस्बनमध्यें पक्षांचें एकमत नव्हतें. १९१५ च्या आरंभीं आलेलें पिमेंता द कास्त्रो यांचें सरकार युद्धापासून दूर राहूं पाहणारें होतें; त्याच वर्षीं १४ मे रोजीं बंड होऊन तें पडलें, आणि वर्षअखेर कोस्टा पुन्हां अधिकारावर आले. पहिली अट पुरी झाली.

दुसरी अट समुद्रानें पुरी केली. जर्मन पाणबुड्यांनीं दोस्तांचीं जहाजें बुडविण्याचा सपाटा लावल्यामुळें इंग्लंडला माल वाहण्यास जहाजें पुरेनात. पोर्तुगालच्या बंदरांत, मुख्यत्वें लिस्बन येथें पण वसाहतींतही, शत्रूचीं सुमारें ७० जहाजें रिकामीं उभीं होतीं. मुरगांवचीं जहाजें त्यांतलींच. १७ फेब्रुवारी १९१६ रोजीं इंग्लंडनें जुन्या स्नेहाच्या नांवानें तीं ताब्यांत घेण्याची विनंती केली. लिस्बनला हवें होतें तें पाचारण हेंच. २३ फेब्रुवारीस टेगस नदींतील जहाजांवर पोर्तुगीज निशाण चढलें, आणि पाठोपाठ मुरगांवांतही तोच विधि झाला. ९ मार्च रोजीं जर्मनीनें युद्ध पुकारलें. पोर्तुगाल स्वतःस इंग्लंडचें मांडलिक समजतें, असा ठपका त्या खलित्यांत होता.

हा खलिता देणाऱ्या जर्मन वकिलाचें नांव या पत्राच्या वाचकांस कुतूहलाचें वाटेल. ते फ्रीड्रिख रोझेन. फारसीचे पंडित व उमर खय्यामचे जर्मन भाषांतरकार म्हणून ते विख्यात आहेत. आणि ऋग्वेदाच्या पहिल्या अष्टकाची मुद्रित प्रत १८३८ सालीं ज्यांच्या नांवें, मरणोत्तर, युरोपांत प्रसिद्ध झाली, ते फ्रीड्रिख आउगुस्ट रोझेन हे त्यांचे चुलते होत. वेदपाठकाच्या पुतण्याच्या हातून युद्धाचा खलिता जावा, ही काळाची लीला.

नाउलिला येथें रक्त सांडलें तेव्हां युद्ध झालें नाहीं. लिस्बन येथें केवळ निशाणें बदललीं तेव्हां झालें. आमच्या मताची सिद्धि या एका जोडीनेंच होते. पुढें पोर्तुगालनें ५० हजारांहून अधिक शिपाई फ्लँडर्सला पाठविले, आणि ९ एप्रिल १९१८ रोजीं लीस नदीच्या लढाईंत त्यांची धूळदाण झाली. मिळालें काय? तहाच्या मेजावरची जागा, वसाहतींची शाश्वती, आणि पूर्व आफ्रिकेंतील किओंगा नांवाचा एक लहानसा तुकडा. घरांत मात्र डिसेंबर १९१७ मध्यें सिदोनिओ पाइश यांचें बंड, आणि १९२६ सालीं प्रजासत्ताकाचाच अंत. ज्या राज्याच्या रक्षणार्थ युद्ध पत्करलें तें राज्यच युद्धाच्या भारानें मोडलें.

(५) १९४३

सप्टेंबर १९३९ मध्यें पोर्तुगालचे सूत्रधार सालाझार होते. १९१६ चा धडा त्यांच्या पुढें होता, म्हणून पहिली अट, म्हणजे युद्धाची इच्छा, मुळांतच नव्हती. त्यांनीं ताटस्थ्य जाहीर केलें तें इंग्लंडच्या संमतीनें. इंग्लंडलाही पोर्तुगाल तटस्थ हवें होतें. कारण पोर्तुगाल युद्धांत आलें असतें तर शेजारचें स्पेन जर्मनीकडे झुकण्याचा धोका होता. पाठीशीं असलेल्या शत्रूस आपल्या नीतिकारांनीं पार्ष्णिग्राह म्हटलें आहे. स्पेन तो होऊं नये हीच दोघांची चिंता. दरम्यान सालाझार दोन्ही पक्षांस वुल्फ्रॅमची धातु विकून आपली तिजोरी भरीत होते. तटावर उभा राहून लांकडें धरणारा म्हणून जो आम्हीं वर सांगितला, तो हाच.

या स्थितींत ताटस्थ्याचे भंग किती झाले, तेही मोजावे. डिसेंबर १९४१ मध्यें ऑस्ट्रेलियन व डच फौजा पोर्तुगीज तिमोरांत उतरल्या. सालाझार यांनीं निषेध केला. फेब्रुवारी १९४२ मध्यें जपान्यांनीं तेंच बेट घेतलें, पुन्हां निषेध. युद्ध नाहीं. मार्च १९४३ मध्यें मुरगांव. येथें तर निषेधाचीही अडचण दोन्ही बाजूंनीं टळली. छापा घालणारे गणवेषांतील शिपाई नव्हते, म्हणून ब्रिटनला कानांवर हात ठेवतां येत होते. आणि जहाजें जर्मन खलाशांनींच पेटविलीं हें अक्षरशः खरें असल्यामुळें पोर्तुगालला तेवढेंच खरें धरून गप्प राहतां येत होतें. अर्धसत्याचा असा उभयपक्षीं उपयोग इतिहासांत क्वचितच सांपडेल. लीझर यांच्या ग्रंथांत छाप्याची गुप्तता ही धाडसाची शोभा म्हणून येते; वस्तुतः ती दोन सरकारांच्या सोयीची तडजोड होती, हें त्यांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत दोन गोष्टी घडल्या, व त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. ८ ऑक्टोबरला इंग्रज फौजा पोर्तुगालच्या अनुमतीनें अझोर्स बेटांवर उतरल्या. चर्चिल यांनीं पार्लमेंटांत त्यास १३७३ सालच्या तहाचा आधार सांगितला. तटस्थ राष्ट्रानें एका पक्षास विमानतळ दिले, तरी जर्मनीनें युद्ध पुकारलें नाहीं. १९१६ सालीं सत्तर जहाजांकरितां जो संतापला तो १९४३ सालीं अख्खी बेटें गेलीं तरी सोसून राहिला, कारण त्यालाही आतां नवा शत्रु नको होता. आणि त्याच महिन्यांत याच मुरगांव बंदरांत ‘ग्रिप्सहोल्म’ व ‘तेइआ मारू’ हीं दोन जहाजें येऊन अमेरिका व जपान यांनीं एकमेकांच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल केली. जेथें सात महिन्यांपूर्वीं तटस्थतेची होळी झाली, तेथेंच तटस्थता म्हणून शत्रूंनीं आपापलीं माणसें विश्वासानें उतरविलीं! ताटस्थ्य भंगलें कीं संपलें, असें मानणाऱ्यांनीं या प्रसंगाचा विचार करावा. तें ज्यांना हवें असतें त्यांच्यासाठीं तें भंगल्यावरही उभें असतें.

(६) तहाचा कागद

१९१६ व १९४३ या दोन्ही वेळीं आधार म्हणून जुना स्नेह पुढें आला. तो स्नेह म्हणजे काय, हें आम्हां मुंबईकडील लोकांस निराळें सांगावयास नको. मुंबई बेट इंग्रजांस मिळालें तें याच स्नेहाच्या २३ जून १६६१ च्या तहानें. त्याच तहाच्या एका गुप्त कलमानें इंग्लंडनें पोर्तुगालच्या मुलखांचें रक्षण करण्याचें वचन दिलें होतें. कागदांत एका हातानें बेट दिलें, दुसऱ्या हातानें वचन घेतलें.

ज्या गोवंडींत बसून आम्ही हें लिहीत आहों ती, व भोंवतालचीं देवनार, मानखुर्द, तुर्भें हीं गांवें त्या दिलेल्या बेटांत नव्हतीं. साष्टीही त्या दानांत येते असा दावा इंग्रजांनीं करून पाहिला. गोव्याच्या विजरईनें तो मानला नाहीं, आणि हा सर्व टापू पोर्तुगीजांकडेच राहिला. मग १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेऊन साष्टी मोकळी केली, व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांपुढें वसई पडली. त्या दोन वर्षांत मुंबईकर इंग्रजांनीं रक्षणाचें वचन कसें पाळलें? त्यांनीं थोडा दारूगोळा दिला, आणि वसईकरांनीं पैसे मागितले तेव्हां देवळांतील चांदीचीं उपकरणें व पितळी तोफा तारण घेऊन १५ हजार रुपये कर्जाऊ दिले. वसई पडल्यावर दोनच महिन्यांत त्यांनीं मराठ्यांशीं तह केला. पुढें पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे अशी आवई उठली, तेव्हां डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनींच घाई करून ठाणें काबीज केलें. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. स्नेह्याचा मुलूख परत स्नेह्यास मिळूं नये म्हणून केलेली ही तांतड होती.

डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ व य. न. केळकर यांची ‘वसईची मोहीम’ ज्यांनीं अभ्यासिली आहेत त्यांस हें सर्व परिचित आहे. तरी १९१६ व १९४३ विषयीं लिहिणारे ग्रंथकार १६६१ च्या कागदास ईश्वरी आज्ञेप्रमाणें वागवितात, हें आश्चर्य होय. तोच कागद १७३९ सालीं निजला, १९१६ सालीं जागा झाला, १९४३ च्या मार्चमध्यें विसरला गेला, ऑक्टोबरमध्यें आठवला, आणि डिसेंबर १९६१ मध्यें भारतीय सेना गोमंतकांत शिरली तेव्हां सालाझार यांनीं त्याची पुष्कळ हांक मारली तरी लंडनहून एक शिपाई हलला नाहीं. तह राष्ट्रास युद्धांत नेत नाहीं. युद्धांत जावयाचें ठरल्यावर राष्ट्र तह शोधून काढतें. दप्तरें वाचणाऱ्यानें हा क्रम नेहमीं ध्यानांत ठेवावा.

(७) ज्यांस विचारलें नाहीं

लीझर यांच्या ग्रंथांतील शेवटचा व आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठा दोष हा कीं, मुरगांवच्या कथेंत मुरगांवकर नाहींत. जर्मन आहेत, इंग्रज आहेत, पोर्तुगीज अंमलदार आहेत. गोमंतकीय मनुष्य दिसतो तो उत्सवांतील गर्दींत किंवा पाहुण्यांच्या सेवेंत. पण जागतिक युद्धांत तटस्थ कोण व युद्धमान कोण, या प्रश्नाचें मर्मच येथें आहे. ९ मार्च १९१६ पर्यंत गोमंतकीय मनुष्य तटस्थ होता. दुसऱ्या दिवशीं तो जर्मनीचा शत्रु झाला. त्यास कोणीं विचारलें नाहीं. १९३९ सालीं तो पुन्हां तटस्थ ठरला; तेव्हांही विचारलें नाहीं. सीमेच्या अलीकडे बेळगांव-कारवारकडील त्याचा सोयरा ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका घोषणेनें युद्धांत लोटला गेला. त्यासही विचारलें नाहीं, आणि त्याच कारणावरून मुंबई इलाख्यांतील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळें पायउतार झालीं. एकच भाषा, एकच देवक, एकाच लग्नाचे वऱ्हाडी. त्यांतला एक तटस्थ आणि एक युद्धमान! हें ताटस्थ्य त्या दोघांचें नव्हतें, आणि युद्धही नव्हतें.

म्हणून ‘तटस्थ राष्ट्र युद्धांत कसें शिरतें’ या प्रश्नांतील ‘राष्ट्र’ हाच शब्द प्रथम तपासावा लागतो. १९१६ सालीं शिरलें तें लिस्बनमधील एका पक्षाचें सरकार. त्याच्या मागें दोरीनें बांधलेलीं मुरगांव, दीव, दमण, अंगोला व मोझांबिक ओढलीं गेलीं. लीझर यांचा ग्रंथ चांगला मनोरंजक असूनही इतिहास म्हणून उणा पडतो तो याच ठिकाणीं.

ही उणीव भरून काढणें या त्रैमासिकाच्या वाचकांच्या हातीं आहे. मुरगांवचें बंदर व तेथून निघणारा लोहमार्ग १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहामुळें झाला, आणि तेव्हांपासून बेळगांव, सांवतवाडी, मालवण, कारवार व मुंबई येथील व्यापारी घराण्यांचा त्या बंदराशीं संबंध आला. जहाजांस धान्य, भाजी, पाणी, लांकूड पुरविणारे, माल उतरविणारे, तांडेल व खलाशी हे बहुतेक आपलेच लोक. संग्राहक मंडळी पेशवाईच्या रुमालांकरितां वाडे धुंडाळतात, पण आजोबांच्या पेटींतील १९१४ ते १९४३ पर्यंतच्या खातेवह्या, मोडी बिलें व पोर्तुगीज शिक्क्यांचे परवाने रद्दींत घालतात. असे कागद हातीं आल्यास ते तारीखवार लावून मंडळाकडे पाठवावे, निदान त्यांच्या नकला तरी द्याव्या. मुरगांवच्या धक्क्यावर ९ मार्चच्या दोन्ही तारखांस कोण काय करीत होतें, हें लंडन व लिस्बन येथील दप्तरें सांगणार नाहींत. तें सांगणारा कागद निघालाच, तर तो आपल्याच माळ्यावर निघेल.

गोवंडी, मुंबई